मुंबईच्या बॉक्सिंग क्लबांना आणि निवड समित्यांना खुले पत्र : पोरं वाया जातात ती नेमकी कुठे?

प्रति,
मुंबई शहर आणि उपनगरांतील बॉक्सिंग क्लबांचे चालक, प्रशिक्षक आणि जिल्हा निवड समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शालेय आणि सबज्युनिअर स्पर्धा आटोपल्या की दर वर्षी दोन-चार नावांची चर्चा होते. "हा पुढे जाणार," असं सगळेच म्हणतात. चार-पाच वर्षांनी त्यातलं एखादं नाव निघालं, तर उत्तरंही ठरलेली असतात. डोक्यात हवा गेली, वाईट संगत लागली, घरच्यांनी लक्ष दिलं नाही. या तिन्ही उत्तरांत दोष पोराचा किंवा त्याच्या घराचा असतो. क्लबचा, प्रशिक्षकाचा, निवड समितीचा दोष त्यात कुठेच येत नाही, ही मोठी सोयीची गोष्ट आहे.

आम्ही हे पत्र लिहिणारे रेफरी-जज, प्रशिक्षक आणि फिजिओ आहोत, म्हणजे तुमच्यातलेच. आमचं म्हणणं एवढंच की गुणी पोरं सोळा ते वीस या वयात गळतात, पण त्या गळतीची तयारी आपण तेराव्या-चौदाव्या वर्षीच करून ठेवतो. ती मेडलच्या घाईत होते, आणि बहुतेक वेळा अत्यंत चांगल्या हेतूने होते.

जगातली उदाहरणं आधी देतो, म्हणजे केवळ गुणांनी काही होत नाही हे मान्य करणं सोपं जाईल. हॉवर्ड डेव्हिस ज्युनिअरने 1976 च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये लाइटवेटचं सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून वॅल बार्कर ट्रॉफीही त्यालाच मिळाली, आणि त्याच अमेरिकन संघात शुगर रे लेनर्ड आणि स्पिंक्स बंधू होते. लेनर्ड आणि दोन्ही स्पिंक्स व्यावसायिक जगज्जेते झाले. डेव्हिस तीनदा जगज्जेतेपदासाठी लढला, तिन्ही वेळा हरला. सिडनीला 2000 साली रौप्य घेतलेल्या रिकार्डो विल्यम्स ज्युनिअरला व्यावसायिक करारावर सही करतानाच दहा लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाली. काही वर्षांत तो अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. त्याच सिडनीत आपला गुरचरण सिंग 81 किलोच्या उपान्त्यपूर्व फेरीत युक्रेनच्या आंद्री फेडचुकशी 12-12 असा बरोबरीत राहिला आणि काउंटबॅकवर, म्हणजे पंचांनी दिलेले सगळे गुण पुन्हा मोजल्यावर, बाहेर पडला. ती बाउट जिंकला असता तर पदक पक्कं होतं. नंतर तो अमेरिकेत व्यावसायिक झाला आणि भारतीय संघाला पुन्हा मिळाला नाही.

अमेरिकेतल्या पोरांना पैसा लवकर मिळाला म्हणून ती बिघडली, असं म्हणता येतं. धारावी, गोवंडी, मालवणी किंवा कुर्ल्याच्या पोराला तो आजार होण्याची सोयच नाही. आपल्याकडची कारणं साधी, रोजची आणि मोजता येणारी आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान वजनाच्या काट्यावर होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मुलांची उंची सर्वात वेगाने वाढते ती सरासरी साडेतेरा-चौदाच्या सुमारास, मुलींची त्याच्या दीड-दोन वर्षं आधी. या काळात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो आणि वजन पाच-सात किलोंनी चढतं. नेमक्या याच वयात आपण काय करतो? पोरगा 46 किलोच्या वजनगटात जिल्हा जिंकतो. पुढच्या मोसमात त्याचं सकाळचं, उपाशीपोटीचं वजन 51 झालेलं असतं. 52 मध्ये क्लबचा दुसरा पोरगा आधीच असतो आणि 46 मध्ये "मेडल पक्कं" असतं. म्हणून त्याला पुन्हा 46 ला उतरवलं जातं. 51 किलोच्या शरीरातून पाच किलो, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. मोठ्या माणसालाही हा सौदा परवडत नाही, आणि आपण तो वाढत्या अंगावर लादतो.

पद्धती सगळ्यांना ठाऊक आहेत. प्लॅस्टिकचं जॅकेट किंवा रेनकोट घालून पळवणं, शेवटचे दोन दिवस पाणी बंद, रात्री एक पोळी, सकाळी थुंकणं. मुंबईच्या हवेत प्लॅस्टिक जॅकेट विशेष धोक्याचं, कारण दमटपणामुळे घाम आधीच वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, आणि वरून प्लॅस्टिक. मे आणि ऑक्टोबरमध्ये असं पळताना चक्कर येऊन पडणं हे "स्टॅमिना कमी" असल्याचं लक्षण मानलं जातं. ते उष्माघाताचं पहिलं पाऊल असतं. काही ठिकाणी लघवीची गोळी दिली जाते. लघवी वाढवणारी औषधं वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. उद्या पोरगा राष्ट्रीय शिबिरात गेला आणि हीच सवय सोबत नेली, तर नमुन्यात सापडणार तो, गोळी शिकवणारे सर नव्हेत.

वजनाच्या दोन टक्के पाणी अंगातून गेलं तरी दमसास घसरतो. काट्यावरची वजनं संपल्यापासून पहिल्या बाउटपर्यंत किमान तीन तासांचं अंतर असतं. तेवढ्यात एक-दीड किलो पाणी भरून निघतं, चार-पाच नाही. शिवाय बाउट असलेल्या दिवशी रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं असतं. चार दिवसांत तीन बाउट म्हणजे तीनदा उपास. चौदाव्या वर्षी पोरगा तरीही जिंकतो, कारण समोरचाही तसाच वाळवून आणलेला असतो. म्हणूनच प्रशिक्षकाला वाटतं, पद्धत बरोबर आहे.

बिल येतं सतराव्या वर्षी. दोन वर्षं दाबून ठेवलेलं वजन एकदम सुटतं आणि पोरगा 46-48 वरून थेट 57-60 मध्ये जातो. तिथले प्रतिस्पर्धी त्या वजनात हळूहळू, खाऊनपिऊन वाढलेले असतात. ज्या ताकदीवर याने 46 मध्ये पोरं पाडली ती ताकद आता सर्वसाधारण ठरते. मधल्या काळात त्याने उपास सोडून काही शिकलेलं नसतं. लोक म्हणतात, ढेपाळला.

मुलींमध्ये याची एक खूण जास्त स्पष्ट दिसते आणि तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. वजन उतरवताना पाळी लांबली किंवा बंद झाली की त्याला "ट्रेनिंगमुळे होतं" म्हणतात. खाणं खर्चापेक्षा फार कमी पडतंय असं शरीर सांगत असतं. असे महिने गेले की हाडं कमकुवत होतात, मग नडगीत किंवा पावलात बारीक फ्रॅक्चर निघतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्पर्धा बंद आणि डॉक्टर, एवढा साधा नियम हवा. पुरुष प्रशिक्षकांना हे विचारायला संकोच वाटत असेल तर क्लबातली एखादी ताई, एखादी सीनियर मुलगी, कुणीतरी त्या नोंदीसाठी नेमा.

करायचं काय? सतरा वर्षांखालील मुलामुलींचं वजन त्यांच्या नेहमीच्या सकाळच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायचं नाही. 50 किलोच्या पोराला एक किलो, बस. त्यासाठी नेहमीचं वजन माहीत हवं. आठवड्यातून तीनदा, उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता, एकाच काट्यावर. उंची दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळीच, भिंतीला टाच लावून. संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो, म्हणून वेळ बदलायची नाही. दोन महिने सलग पाऊण सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर तो वाढीच्या झपाट्यात आहे. त्या काळात दोरीवरच्या उड्या आणि डांबरी रस्त्यावरचं पळणं निम्मं करा. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखतं म्हणणारी पोरं आळशी नसतात. तिथलं वाढीचं हाड ओढलं जात असतं.

आणि खाणं. 50 किलोच्या, रोज सराव करणाऱ्या पोराला दिवसाला साधारण 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. चार अंड्यांतून पंचवीसच्या आसपास मिळतात, अर्ध्या लिटर दुधातून सोळा, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून पुन्हा पंचवीस, उरलेली डाळ, चणे, चपातीतून. कोळीवाड्यातल्या पोराला सुके बोंबील सांगा, पावडरच्या डब्याची गरज नाही. सराव संपल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाऊन विरार किंवा कळव्याची गाडी पकडायची आणि दहा वाजता घरी पोचून जेवायचं, हा आपल्या पोरांचा खरा आहार आहे. वडापावाला आमचा विरोध नाही, पण त्याच पिशवीत दोन उकडलेली अंडी आणि मूठभर भिजवलेले चणे घरून आणायला लावणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

आता खेळ. वयोगट जन्मवर्षावर ठरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. तेरा-चौदाच्या वयात अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो, आणि लवकर वयात आलेला पोरगा तर सरळ वरचढ असतो. त्याचा उजवा हात जड असतो, तो वरून फिरवून मारतो, समोरचा मागे जातो, बाउट थांबते. प्रशिक्षक खूश, आईवडील खूश. त्याला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, शिकवायची गरजच कुणाला वाटत नाही. दोन वर्षांनी बाकीच्यांची उंची आणि ताकद त्याच्या बरोबरीला येते. आता तो उजवा फिरवायला गेला की समोरचा अर्धं पाऊल मागे सरकतो आणि सरळ डावा नाकावर ठेवतो. सोळाव्या वर्षी जॅब शिकता येतो, पण मेडल जिंकलेल्या पोराला आपण नवशिक्यासारखं पुन्हा उभं राहायला शिकतोय हे पचत नाही. हवा डोक्यात गेली ती इथे. ती भरली कुणी, हा प्रश्न आम्ही तुमच्यावर सोडतो.

यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. आठवड्यातून एकदा त्याला तीन राउंड फक्त डाव्या हाताने स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायला लावा, उजवा हनुवटीला चिकटलेला. पुढच्या आठवड्यात फक्त अंगावर मारायला परवानगी, डोक्यावर नाही. तो लहान पोरांकडून मार खाईल, चिडेल, एखाद्या दिवशी येणार नाही. तरी करा. जिंकलेल्या बाउटचा मोबाइलवरचा व्हिडिओ लावून तीन गोष्टी मोजा : एकूण जॅब किती टाकले, मारून झाल्यावर तो किती वेळा जागीच उभा राहिला, आणि मागे जाताना किती वेळा सरळ रेषेत गेला. जिंकलेल्याच बाउटचा व्हिडिओ घ्या. हरलेला तो स्वतःहून पुन्हा पुन्हा बघतोच.

दुसऱ्या बाजूला उशिरा वाढणारा पोरगा असतो, ज्याचं नावही कुणाला आठवत नाही. तो चौदाव्या वर्षी तीनदा पहिल्याच फेरीत हरतो आणि फुटबॉलला किंवा क्लासला जातो. गुण वाया जाण्याचा हा प्रकार कुठल्याच चर्चेत येत नाही, कारण त्याचे गुण दिसायला वेळच मिळालेला नसतो. निवड समित्यांना विनंती आहे की निवडलेल्या संघासोबत सरावाला दर वजनात एक पोरगा असा घ्यावा, जो हरला पण ज्याची पावलांची हालचाल चांगली आहे. खर्च फार तर मुठींना गुंडाळायच्या एका बँडेज जोडीचा आणि एका ग्लासभर दुधाचा.

मुंबईची खास अडचण म्हणजे जागा. नियमाप्रमाणे रिंग दोरांच्या आत 6.10 मीटर चौरस आणि बाहेरच्या कडेसह 7.80 मीटर. एवढी मोकळी जागा आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये, पालिकेच्या शाळेच्या वर्गात किंवा पुलाखालच्या व्यायामशाळेत सापडत नाही. त्यामुळे बहुतेक पोरं मॅटवर शिकतात आणि स्पर्धेतच पहिल्यांदा दोरांना पाठ लावतात. दोर मागे किती झुकतो, त्यावरून उसळून बाजूला कसं निघायचं, कोपऱ्यात अडकल्यावर डावा पाय कुठे वळवायचा, हे त्यांना अंगात भिनलेलं नसतं. जिल्ह्यात चालून जातं, राज्यात निम्मं चालतं. पुढे पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये किंवा हरयाणाच्या आखाड्यात घडलेला पोरगा याला दोन राउंडांत कोपऱ्यात नेतो.

पूर्ण रिंग बसत नसेल तर एक कोपरा बसवा. एक खांब, त्याला पॅड, आणि दोन बाजूंना तीन-तीन मीटर चार दोर, जमिनीपासून 40, 70, 100 आणि 130 सेंटिमीटरवर. दोर मधोमध उभ्या पट्टीने बांधलेले हवेत, नाहीतर पोरगा दोन दोरांमधून बाहेर जातो. दोर ताणलेले पण थोडे झुकणारे ठेवा. लोखंडी नळीला कापड गुंडाळून दोर म्हणून वापरण्याचा प्रकार बंद करा, बरगडी मोडते. या एका कोपऱ्यात आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीन मिनिटं, "एक जण आत अडकलेला, एक जण सोडत नाही" असा सराव झाला तरी फरक दिसतो. ज्या क्लबांकडे रिंग आहे त्यांनी रविवारी सकाळी शेजारच्या क्लबला ती द्यावी. द्यायला कुणी तयार नसतं, कारण "आमचं बघून जातील". बघून जाऊ देत.

हातांकडे वळतो. बॉक्सरचं भांडवल म्हणजे दोन मुठी आणि मनगटं. आपल्या अखिल कुमारने बीजिंग ऑलिम्पिकला 2008 साली जगज्जेत्या सर्गेई वोदोप्यानोव्हला हरवलं, पण त्याच्या मनगटाने त्याला वारंवार सतावलं. तो निदान तिथपर्यंत पोचला. आपल्याकडे हात सोळाव्या वर्षीच निकामी होतात, आणि कारण असतं ठोसे मारायची बॅग. क्लबांतल्या बॅगा शिंप्याकडच्या चिंध्यांनी भरलेल्या असतात, कधी वजनासाठी मध्ये वाळू. तीन-चार महिन्यांत भरण खाली बसतं, खालचा तिसरा हिस्सा दगडासारखा होतो आणि वरचा भाग पोकळ. पावसाळ्यात ओल धरली की आणखी वाईट. पोरगा बॉडी पंच मारायला खाली जातो आणि करंगळीच्या मागचं हाड मोडून घेतो. बॅग दर तीन महिन्यांनी उघडा, भरण उपसून वाळवा, पुन्हा थर दाबून भरा, वाळू अजिबात नको. ज्युनिअर पोराला त्याच्या वजनाच्या निम्म्या वजनाची बॅग पुरते.

ग्लोव्हज तपासायची पद्धत सोपी : मुठीच्या हाडांवरचा फोम अंगठ्याने जोरात दाबा. आतल्या हाताला तुमचा अंगठा टोचला तर तो ग्लोव्ह फक्त पॅडवर वापरा, स्पारिंगला नको. स्पारिंगला 14 किंवा 16 औंस. बँडेज साडेचार मीटरचं, आणि मनगटावर निदान तीन वेढे. हाताच्या पाठीवर जाड थर आणि मनगटावर एक वेढा, हे आपल्याकडचं नेहमीचं उलटं गणित आहे. पावसाळ्यात एकच ग्लोव्ह पाच जणांनी घातला की नायटा क्लबभर फिरतो, आणि त्वचेचा संसर्ग दिसला की स्पर्धेच्या वैद्यकीय तपासणीत पोरगा बाहेर. आत वर्तमानपत्र कोंबा, पंख्याखाली ठेवा, बँडेज रोज धुवायला लावा.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे, अंगठा ताणला की एक खड्डा पडतो. तिथे दाबून दुखलं तर ती मुरगळ समजू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्सरेत ते बऱ्याचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढावा लागतो, तोवर मनगट बांधून ठेवावं लागतं. या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही. "एक्सरे क्लिअर आहे, टेप लावून खेळ" हे वाक्य बोलण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

डोक्याबद्दल थोडक्यात, कारण यात वादाला जागा नाही. डोक्यावरच्या माराने बाउट थांबली तर किमान 30 दिवस रिंग बंद, बेशुद्धी आली असेल तर त्याहून जास्त. स्पर्धेत हे मेडिकल बुकात, म्हणजे बॉक्सरच्या वैद्यकीय नोंदवहीत, लिहिलं जातं. क्लबात स्पारिंगमध्ये पोरगा डगमगला तर कुठेच लिहिलं जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत असतो. गुणी पोराचं दुर्दैव असं की सीनियरला स्पारिंगला दमदार जोडीदार हवा असला की त्यालाच पुढे करतात. पंधरा वर्षांचा पोरगा सत्तर किलोच्या, नोकरीला लागलेल्या माणसासमोर. पुढे तो "घाबरायला लागला" अशी तक्रार येते. जोरदार स्पारिंग आठवड्यातून एकदा, तीन-चार राउंड, दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजनाचा फरक नको. बाकीचे दिवस हलक्या हाताने. क्लबातही डगमगण्याची तारखेसह नोंद आणि तोच 30 दिवसांचा नियम.

सोळावरून सतराला आणि अठरावरून एकोणीसला जाताना आणखी दोन उंबरठे आहेत, आणि ते आपल्याकडे कुणी शिकवत नाही. सोळापर्यंतच्या ज्युनिअरला दोन मिनिटांचे तीन राउंड, सतरा-अठराच्या युथपासून तीन मिनिटांचे तीन. सहा मिनिटांची लढत नऊ मिनिटांची होते, म्हणजे दीडपट. रोज पहाटे मरीन ड्राइव्हवर एकाच चालीने दहा किलोमीटर पळून तिसऱ्या राउंडचे पाय येत नाहीत. आठवड्यातून दोनदा तीन-तीन मिनिटांची, श्वास लागेल अशी सहा धावणी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हे जास्त उपयोगी. मग एकोणीसपासूनच्या एलिट पुरुषांत हेडगार्ड, म्हणजे डोक्यावरचं संरक्षक कवच, नाही, 2013 पासूनच नाही. युथपर्यंत हेडगार्ड घालून कपाळ पुढे घालत आत शिरण्याची सवय झालेला पोरगा एलिटच्या पहिल्याच मोसमात भुवई फोडून घेतो. डोक्याला डोकं आदळतं, कट पडतो, डॉक्टर बाउट थांबवतात, टाके, दोन महिने बाहेर. परत आल्यावर पुन्हा तिथेच फुटतं. सतराव्या वर्षापासून हलक्या स्पारिंगमध्ये अधूनमधून हेडगार्ड काढा, आणि आत शिरताना डोकं समोरच्याच्या खांद्याच्या बाहेर ठेवायला शिकवा.

वजनगटांवरही लक्ष असू द्या, कारण ते बदलत राहतात. अमित पंघालचा 49 किलोचा गट टोकियोच्या आधी ऑलिम्पिकमधून गेला आणि त्याला 52 ला चढावं लागलं. मीनाक्षी हुडाने 2025 मध्ये लिव्हरपूलला 48 किलोत जागतिक सुवर्ण घेतलं, पण तो वजनगट ऑलिम्पिकमध्ये नाही. पंधरा वर्षांच्या पोराला लहान वजनात कोंडून ठेवताना चार वर्षांनी तो गट असेल का, हे कुणी बघतं का?

दहावीबद्दल दोनच वाक्यं. जूनमध्ये क्लाससाठी पोरगा पूर्ण बंद करतो, एप्रिलमध्ये आठ किलो जास्त घेऊन येतो आणि त्याला पुन्हा जुन्या वजनात यायला सांगितलं जातं. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास, डिसेंबरनंतर स्पर्धा नाही, असं आईवडिलांसमोर बसून ठरवून घ्या.

नोकरीबद्दल मात्र पोरांना दोष देणं आम्हाला पटत नाही. रेल्वे, पोलीस, राज्य सरकारचं खेळाडूंसाठीचं 5 टक्के आरक्षण, हेच बहुतेक घरांचं खरं ध्येय असतं आणि त्यात गैर काही नाही. खोलीभाडं भरणाऱ्या घराला ऑलिम्पिकचं स्वप्न विकणं सोपं आहे, हप्ता कोण भरणार? वांद्र्याच्या जिममध्ये हौशी लोकांना पॅड धरून किंवा नाइट क्लबबाहेर बाउन्सर म्हणून उभं राहून पोराला पहिल्या महिन्यापासून पैसे मिळतात. तेव्हा अठरा ते एकवीस या वयातला खर्च कोण उचलणार, हे ठरवल्याशिवाय "खेळ सोडू नको" म्हणू नका. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये हातखर्च मिळतो, हे अनेक घरांना माहीतच नसतं. अर्ज, बँक खातं, प्रमाणपत्रांची पडताळणी ही कामं क्लबने एका माणसाकडे कायमची द्यावीत.

वरच्या पातळीवरच्या गोंधळानेही पोरं गेली, हे खरं आहे. डिसेंबर 2012 मध्ये राष्ट्रीय संघटना निलंबित झाली आणि नवा महासंघ उभा राहायला 2016 उजाडलं. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकला आठ बॉक्सर गेले होते, 2016 च्या रिओला तीन. त्या चार वर्षांत जे सतरा-अठराचे होते त्यांना ती वर्षं परत मिळाली नाहीत. ते ना तुमच्या हातात होतं ना आमच्या. वर लिहिलेलं बाकी सगळं मात्र आहे.

म्हणून पुढच्या जिल्हा निवड चाचणीपासून आमची मागणी अशी. सतरा वर्षांखालील प्रत्येक बॉक्सरसोबत क्लबने एक वही आणावी. साधी दोनशे पानी, प्रशिक्षकाच्या सहीची. तीत मागच्या सहा महिन्यांचं सकाळचं वजन, महिन्याची उंची, खेळलेल्या बाउट तारखेनिशी, जोरदार स्पारिंगचे राउंड, हाताची आणि डोक्याची दुखापत. चाचणीच्या वजनाआधी समितीने ती पाहावी. नोंदीतलं नेहमीचं वजन आणि उतरलेलं वजन यांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर त्या पोराला वरच्या गटात खेळवावं, मेडल जाईल तरी. वही नसेल तर पहिल्या वर्षी ताकीद, दुसऱ्या वर्षी प्रवेश नाही. काटा एकच असावा आणि आदल्या संध्याकाळी सर्वांना तपासायला खुला असावा. वजन झाल्यावर ओआरएसची पाकिटं आणि पिण्याचं पाणी तिथेच टेबलावर असावं, एका लिटरला एक पाकीट.

वहीचा नमुना आम्ही छापून देऊ. पहिल्या खेपेची छपाईही आमच्याकडे. नोंदी कशा करायच्या हे दाखवायला ज्या क्लबला माणूस हवा असेल त्यांनी सरावाची वेळ कळवावी, संध्याकाळची चालेल.

आपले,
मुंबईतील काही बॉक्सिंग रेफरी-जज, प्रशिक्षक आणि फिजिओ